व्हिडिओ रिलेला टेलिफोनचे नियम लावा: ‘ट्राय’ला ठाणे-नवी मुंबईतून खुले पत्र

प्रति,
मा. अध्यक्ष व सदस्य,
भारतीय दूरसंचार नियामक प्राधिकरण (ट्राय), नवी दिल्ली

प्रत: दूरसंचार विभाग, भारत सरकार, दिव्यांग कल्याण विभाग, महाराष्ट्र शासन

विषय: कर्णबधिर आणि वाचादोष असलेल्या मोबाइलधारकांसाठीच्या रिले सेवेचे नियमन

महोदय,

हे पत्र लिहिणाऱ्यांत ठाणे, कळवा, ऐरोली, नेरूळ या भागांतले कर्णबधिर मोबाइलधारक आहेत, भारतीय सांकेतिक भाषेचे दुभाषी आहेत आणि टेलिकॉम नेटवर्कवर काम करणारे अभियंतेही आहेत. मागणी एकच. व्हिडिओ रिलेला दूरसंचार सेवा म्हणून मान्यता द्या आणि साध्या फोनला जसे नियम आहेत तसे तिलाही लावा. ‘ट्राय’ अधिनियम, १९९७ च्या कलम ११ नुसार आपण स्वतःहून शिफारस करू शकता, आणि सेवेच्या गुणवत्तेचे निकष तर आपल्याच अखत्यारीतले. कुणी लेखी विचारणा करीपर्यंत थांबण्याचे कारण नाही.

ज्यांना ही सेवा ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. कोपरीतल्या एका कर्णबधिर बाईंना सिलिंडर का आला नाही हे गॅस एजन्सीला विचारायचे आहे. त्या ॲप उघडून एजन्सीचा नंबर लावतात. पडद्यावर दुभाषी येते. तिच्या कानाला हेडसेट असतो. ती एजन्सीला साधा फोन लावते. बाई खुणा करतात, दुभाषी ते मराठीत बोलते. कारकून बोलतो, दुभाषी ते खुणांत मांडते. सगळे प्रथमपुरुषी, ‘माझा सिलिंडर आला नाही’ असे. ‘त्या विचारताहेत की…’ असे नाही. कारकुनाला कुठलेही ॲप लागत नाही, त्याचा जुना लँडलाइनही चालतो.

आता यात काय काय बिघडते ते पाहा. कारकून फोनच ठेवून देतो. अनोळखी नंबर, कॉलर ॲपवर लाल पट्टी, उचलल्यावर क्षणभर शांतता आणि मग ‘नमस्कार, मी सांकेतिक भाषा दुभाषी सेवेतून…’. दिवसभर कर्जाचे आणि क्रेडिट कार्डाचे फोन झेलणारा माणूस याच्या पुढे ऐकत नाही. अनुभवी दुभाषी सुरुवात वेगळी करतात: ‘मी अमुक बोलतेय, तुमची ग्राहक. मला ऐकू येत नाही, दुभाषीमार्फत बोलतेय. ग्राहक क्रमांक सांगू?’ नाव आणि काम आधी आले की फोन टिकतो. प्रत्येक केंद्र आपापले लांबलचक प्रास्ताविक वापरते, म्हणून हे वाक्य नियमात प्रमाण म्हणून ठरवून द्यावे आणि ते मराठीत, हिंदीत आणि इंग्रजीत असावे.

आयव्हीआरचे, म्हणजे फोनवर आकडे दाबायला सांगणाऱ्या यांत्रिक मेनूचे, दुखणे वेगळे. ‘मराठीसाठी एक दाबा’पासून सुरू होणारे सहा पर्याय दुभाषी ऐकते आणि खुणांत मांडते, बाई निवडतात, तोवर यंत्राची मुदत संपलेली असते आणि पाढा पुन्हा पहिल्यापासून. काही ठिकाणी तीन फेऱ्यांनंतर कॉल आपोआप तुटतो. दुभाषीला मेनूतून पुढे जाण्याची, थेट माणसापर्यंत पोहोचण्याची मुभा ग्राहकाने एकदाच द्यावी आणि ती नियमाने ग्राह्य धरावी. त्याचबरोबर रिलेकडून आलेला कॉल ओळखून आयव्हीआरने मुदत लांबवावी किंवा सरळ प्रतिनिधीकडे जोडून द्यावे. हे दुसरे करायचे तर रिलेचा कॉल ओळखता आला पाहिजे, आणि इथे नंबराचा प्रश्न येतो.

आज समोरच्याला रिले केंद्राचा नंबर दिसतो. एकाच नंबरावरून दिवसभर शेकडो ठिकाणी कॉल जातात, म्हणून तो स्पॅम ठरतो. समोर बाईंचा स्वतःचा दहा आकडी नंबर दिसला पाहिजे. पण दूरसंचार अधिनियम, २०२३ नुसार ओळख-क्रमांकात फेरफार हा गुन्हा आहे, आणि तो असायलाच हवा. त्यामुळे नोंदणीकृत रिले केंद्राला ग्राहकाच्या लेखी किंवा व्हिडिओ संमतीने त्याचा क्रमांक पुढे नेण्याची स्पष्ट तरतूद आपल्यालाच लिहावी लागेल. ते जमेपर्यंत निदान एक राखीव मालिका द्या. बँका आणि वित्तसंस्थांच्या सेवाविषयक कॉलसाठी १६०० ची मालिका देता आली, तर रिलेसाठीही देता येईल.

त्याहून मोठी अडचण परतीच्या फोनची. जाणारा कॉल कसाबसा लागतो, येणाऱ्या कॉलला वाटच नाही. शाळेतून फोन येतो, प्रयोगशाळेतून रिपोर्टचा फोन येतो, पार्सलवाला इमारतीखाली उभा राहून फोन लावतो; कर्णबधिर माणसाच्या हातात नुसता थरथरणारा मोबाइल. अमेरिकेत २००८ च्या अखेरीपासून व्हिडिओ रिलेच्या ग्राहकांना साधे दहा आकडी नंबर मिळू लागले आणि ऐकणाऱ्यांना त्यांना थेट फोन लावता येऊ लागला. आपल्याकडे नवे नंबर देण्याचीही गरज नाही. ग्राहकाच्या चालू नंबरावर कॉल आला की तो पाच सेकंदांत रिलेच्या गेटवेकडे, म्हणजे कॉल जोडून देणाऱ्या यंत्रणेकडे, वळवायचा, गेटवेने ॲपला सूचना पाठवायची, फ्लॅश लुकलुकवायचा आणि दुभाषी जोडून द्यायची. कॉल वळवण्याची *४०१# ही सोय दूरसंचार विभागाने फसवणुकीच्या कारणावरून १५ एप्रिल २०२४ पासून थांबवली. कारण रास्त आहे. म्हणून हे वळण ग्राहकाने आकडे दाबून लावायचे नसून, एसएमएस ओटीपीने खातरजमा करून मोबाइल कंपनीनेच आपल्या यंत्रणेत लावायचे. खर्चाची सबब पुढे येईल, पण मोबाइल कॉलचे टर्मिनेशन शुल्क, म्हणजे कॉल पोहोचवण्यासाठी एका कंपनीने दुसरीला द्यायचे पैसे, १ जानेवारी २०२१ पासून शून्य आहे.

चित्राच्या दर्जाबद्दल जरा सविस्तर लिहितो, कारण निविदेच्या कागदात ‘एचडी व्हिडिओ’ एवढाच शब्द घालून हा विषय संपवला जातो. सांकेतिक भाषेला चित्र मोठे लागत नाही, ते न अडखळणारे लागते. आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाच्या एच-मालिकेच्या पहिल्या पुरवणीत हे १९९९ पासून लिहिलेले आहे: सेकंदाला २५ ते ३० चित्रचौकटी (फ्रेम) चांगल्या, १२ ही तळाची मर्यादा, विलंब ०.४ सेकंदाच्या आत असावा, ०.८ च्या पलीकडे संभाषण मोडते. आकार ३५२ बाय २८८ पुरतो. सर्वसाधारण व्हिडिओ कॉल ॲप नेमके उलटे वागू शकते. नेटवर्क ढिले पडले की ते चित्र सुबक ठेवते आणि चौकटी गाळते. बोलणाऱ्या चेहऱ्याला ते चालते, कारण आवाज सुरू असतो. खुणेत मात्र बोटांची हालचाल मधूनच गळाली की ‘सात’चे ‘आठ’ होते. ॲपमध्ये ‘आधी चौकटी राखा, आकार घटवा’ ही सेटिंग सक्तीची हवी. आणखी दोन बारीक गोष्टी: पार्श्वभूमी धूसर करण्याची सोय हातांच्या कडा खाते, ती रिलेत बंद असावी, आणि जो बोलतो त्याची खिडकी आपोआप मोठी होण्याची सोय आवाजावर चालते, म्हणजे खुणा करणारा कायम कोपऱ्यात चिमुकला राहतो.

दोन्ही दिशांना ६०० केबीपीएस धरले तर मिनिटाला साधारण ९ एमबी लागतात, दहा मिनिटांच्या कॉलला ९०. डाउनलोड सहसा मिळतो, अडते ते अपलोडला. संध्याकाळी ठाण्याहून सुटलेल्या ट्रान्स-हार्बर लोकलच्या गर्दीत, घणसोली-कोपरखैरणेच्या पट्ट्यात स्पीड टेस्टचा मोठा आकडा डाउनलोडचा असतो; ग्राहकाच्या खुणा दुभाषीपर्यंत जातात त्या अपलोडवरून. मोजमाप करताना अपलोड आणि चौकटी मोजा. आणि मध्य रेल्वेच्या मुख्य मार्गावरल्या पारसिकच्या बोगद्यात कॉल तुटणारच, ते मान्य. पण तुटल्यावर १२० सेकंद तीच दुभाषी राखून ठेवावी आणि पलीकडच्या माणसाला तिने थांबवून धरावे. आज बोगद्याबाहेर आल्यावर नवी दुभाषी येते आणि कथा पुन्हा ‘नमस्कार’पासून सुरू होते.

प्रतीक्षा. अमेरिकेत व्हिडिओ रिलेच्या ८० टक्के कॉलना १२० सेकंदांत उत्तर मिळाले पाहिजे आणि २००६ पासून सेवा चोवीस तास आहे. आपल्याकडे मोबाइल कंपनीच्या ग्राहक केंद्राला आपण ९० सेकंदांचा निकष लावता, मग रिलेला निकषच नाही हे कसे? आम्ही सुरुवातीला १२० सेकंदच मागतो, फक्त महिन्याच्या सरासरीवर नको. रात्री तीनला रिकामी बसलेली दुभाषी सकाळी अकराची रांग कागदावर लपवते. तासागणिक मोजा.

चोवीस तासांचे गणितही मांडून ठेवतो, म्हणजे कुणी अवास्तव आकडा सांगून घाबरवणार नाही आणि कुणी फार स्वस्तातही विकणार नाही. एक खुर्ची आठवड्याला १६८ तास भरलेली हवी. सलग अर्ध्या तासाच्या भाषांतरानंतर अचूकता घसरते, खांदे आणि मनगटे भरून येतात, म्हणून आठ तासांच्या पाळीत प्रत्यक्ष कॉलचे सहा तासच धरावेत. पाच दिवसांचे तीस. १६८ भागिले ३० म्हणजे ५.६, रजा-आजारपण धरून एका खुर्चीला सात माणसे. रात्री दोन खुर्च्या आणि दिवसा दहा अशी मांडणी केली तर आकडा आपोआप निघतो. माणसे कुठून आणायची? भारतीय पुनर्वास परिषदेने मान्य केलेला सांकेतिक भाषा दुभाषी पदविका अभ्यासक्रम वांद्रे रेक्लमेशनच्या अली यावर जंग संस्थेत चालतो. पण पदविका झाली म्हणजे फोनवरचे काम जमते असे नाही. समोरासमोर भाषांतर करताना ‘थांबा’ म्हणता येते. फोनवर पलीकडचा माणूस दिसत नाही, दोघे एकदम बोलतात, मागे मिक्सर चालू असतो. रिलेच्या कामाची वेगळी चाचणी ठेवावी.

त्या चाचणीत मराठी हवी. केंद्र दिल्लीत आणि दुभाषीला फक्त हिंदी, अशा रचनेत ठाण्यातला रेशन दुकानदार ‘पावणेबाराला या, एकोणसत्तर नंबरची पावती आणा’ म्हणतो आणि घोडे तिथेच अडते. तीच गत ठिकाणांच्या खुणांची. तीन हात नाका, तलावपाळी, घोडबंदर, सीवूड्स यांच्या इथल्या कर्णबधिरांच्या स्वतःच्या खुणा आहेत. बाहेरची दुभाषी त्यांना अडखळते आणि प्रत्येक नाव बोटांनी अक्षर-अक्षर करत बसावे लागते. कॉल आधी त्याच भागातल्या दुभाषीकडे, ती मोकळी नसेल तरच बाहेर, असा क्रम ठेवावा. आकडे, रकमा आणि तारखा मात्र प्रत्येक वेळी सुटे-सुटे उलट वाचून पक्के करावेत. याला अपवाद नको.

गोपनीयतेबाबत परदेशातला साधा नियम उचलावा: संभाषणाचे रेकॉर्डिंग नाही, कॉल संपल्यावर टिपणे फाडायची, जे म्हटले ते जसेच्या तसे सांगायचे, शिवीसुद्धा. इथे एक गोष्ट जोडावी लागेल. आपल्याकडे कर्णबधिरांचे वर्तुळ लहान आहे आणि अनेक चांगले दुभाषी याच घरांतून आलेले, कर्णबधिर आईवडिलांची मुले आहेत. पडद्यावर शेजारीण किंवा मावसबहीण आली तर माणूस डॉक्टरकडच्या तपासणीबद्दल काय बोलणार? दुभाषी बदलून मागण्याचा हक्क कारण न देता असावा, आणि ‘मी या व्यक्तीला ओळखते, दुसरीकडे जोडते’ म्हणण्याचा हक्क दुभाषीलाही असावा. घरून काम करण्याची परवानगी द्यायची असेल तर बंद खोली, हेडसेट आणि पाठीमागे कोरी भिंत या तीन अटींवर. बँकेचे आणि पोलिसांचे कॉल फक्त केंद्रातूनच.

बँकेचा विषय निघालाच आहे. ‘खातेदाराला स्वतः बोलू द्या’ म्हणून कॉल बंद होतो. तिसऱ्या माणसाशी खात्याबद्दल बोलायचे नाही हा बँकेचा नियम, तो पाळणाऱ्या कर्मचाऱ्याला दोष देता येत नाही. रिझर्व्ह बँकेसोबत संयुक्त परिपत्रक काढून नोंदणीकृत रिलेचा कॉल हा ग्राहकाचाच कॉल मानावा, दुभाषीचा नोंदणी क्रमांक बँकेने टिपून घ्यावा. आणि ओटीपी किंवा पिन दुभाषीच्या हातातून जाऊच नये. ॲपवर आकड्यांचा कळफलक द्या, दाबलेल्या आकड्यांचे सूर थेट पुढच्या लाइनवर जाऊ द्या, तेवढा वेळ दुभाषीचा कान बंद. तांत्रिकदृष्ट्या हे किरकोळ काम आहे आणि फसवणुकीचा संशय दोन्हीकडचा मिटतो.

आता ११२, म्हणजे आपत्कालीन मदतीचा क्रमांक. बाकी सगळे उद्यावर ढकलले तरी हे ढकलू नये. ११२ च्या ॲपवर एसओएस बटण आहे, पण खातरजमेसाठी केंद्रातून उलट फोन आला तर कर्णबधिर माणूस तो उचलून काय करणार? दूरच्या रिले केंद्रामार्फत ११२ लावले तर आणखी घोटाळा: कॉलचे ठिकाण रिले केंद्राच्या जागेवरून धरले गेले तर दिघ्याची आग नोएडाच्या नकाशावर दिसेल. रिलेने ग्राहकाच्या फोनचे ठिकाण पुढे पाठवले पाहिजे आणि कॉल त्याच्या राज्याच्या ११२ कडे वळला पाहिजे. आमची ठोस सूचना अशी: महाराष्ट्राच्या ११२ चे प्राथमिक संपर्क केंद्र नवी मुंबईत महापे इथे आहे. तिथेच, त्याच दालनात, दुभाषीच्या दोन खुर्च्या चोवीस तास ठेवा. वरच्या हिशेबाने चौदा माणसे. कॉल घेणारा पोलीस कर्मचारी, दुभाषी आणि कर्णबधिर व्यक्ती तिघे एकाच कॉलवर, रांग नाही, प्रास्ताविक नाही. ब्रिटनने १७ जून २०२२ पासून ९९९ या तिथल्या आपत्कालीन क्रमांकासाठी सांकेतिक भाषेची व्हिडिओ सेवा सुरू केली आहे; नियामक ऑफकॉमनेच ती बंधनकारक केली.

एवढे सगळे खुणांबद्दल झाले. वाचादोष असलेल्या बहुतेकांना खुणा येत नाहीत आणि त्यांना व्हिडिओची गरजही नसते. स्वरयंत्र काढलेला कर्करुग्ण, सेरेब्रल पाल्सी असलेली विद्यार्थिनी, पक्षाघातानंतर जीभ जड झालेले आजोबा यांना नीट ऐकू येते. त्यांना हवे असते ते टाइप केलेले वाचून दाखवणारे कुणी, किंवा अस्पष्ट बोलणे समजून घेऊन पुन्हा स्पष्ट म्हणणारे प्रशिक्षित माणूस. आणि पन्नाशीत श्रवण गेलेल्यांना स्वतः बोलता येते, फक्त उत्तर लिहून दिसायला हवे. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ मध्येही श्रवणदोष आणि वाचा-भाषा दिव्यांगत्व वेगवेगळे नोंदले आहेत. ‘मूकबधिरांसाठी व्हिडिओ ॲप’ असा एकच ठेका दिला तर हे सगळे बाहेर राहतील. व्हिडिओ, टाइप करताना अक्षर-अक्षर दिसणारा मजकूर आणि आवाज ही तिन्ही एकाच कॉलमध्ये चालली पाहिजेत. आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाच्या एफ.७०३ आणि एफ.९३० या शिफारशींत त्याची चौकट तयार आहे. यंत्राने आपोआप उमटवलेल्या मराठी मजकुरावर (कॅप्शनवर) मात्र अजून एकट्याने विसंबू नये; ‘अडीच’ आणि ‘दीड’ जिथे महत्त्वाचे, तिथे माणूस हवा.

पैसा आहे. कंपन्यांच्या समायोजित एकूण महसुलावरच्या ८ टक्के परवाना शुल्कातले ५ टक्के पूर्वीच्या सार्वत्रिक सेवा निधीत, म्हणजे आताच्या डिजिटल भारत निधीत जातात. सार्वत्रिक सेवेची व्याख्या खेड्यातल्या टॉवरपाशी संपू नये. फक्त मिनिटागणिक पैसे देऊ नका. अमेरिकेत तेच झाले: मिनिटाला काही डॉलर मिळतात म्हटल्यावर कंपन्यांनी बनावट कॉल चालवून मिनिटे फुगवली आणि नोव्हेंबर २००९ मध्ये २६ जणांवर आरोप ठेवले गेले. इथे भरलेल्या खुर्चीच्या तासाला पैसे द्या, प्रतीक्षेचा निकष चुकला की कापा, आणि कॉलची लांबी, वेळ, क्रमांक यांची तपासणी बाहेरच्या लेखापरीक्षकाकडून करा, संभाषणाला हात न लावता. रुग्णालयात डॉक्टर आणि रुग्ण एकाच खोलीत असताना मोबाइलवरून दुभाषी लागतो, तो खर्च वेगळ्या खात्यात दाखवा. अमेरिकेत रिलेच्या निधीतून तो मिळत नाही. आमच्या मते इथे तो बंद करणे क्रूरपणाचे होईल, पण दोन्ही खाती एकत्र झाली तर हिशेब लागणार नाही.

ग्राहकाच्या खिशाचेही पाहा. डिसेंबर २०२४ च्या दुरुस्तीने आपण कंपन्यांना केवळ व्हॉइस आणि एसएमएसचे पॅक द्यायला लावले, कारण ज्यांना डेटा नको त्यांनी त्याचे पैसे का भरायचे? हाच न्याय उलटा लावा. ज्यांना व्हॉइसचा काडीचा उपयोग नाही त्यांना पूर्ण वैधतेचा डेटा आणि एसएमएसचा पॅक हवा. रोज वीस मिनिटे रिले म्हणजे महिन्याला साडेपाच जीबीच्या आत. रिलेच्या सर्व्हरकडे जाणारा डेटा मोजणीतून वगळलात तर आणखी बरे.

पहिला टप्पा मुंबई परवाना क्षेत्रात घ्यावा. मुंबई, ठाणे, नवी मुंबई आणि कल्याण एकाच क्षेत्रात येतात, ११२ चे केंद्र आणि दुभाषी घडवणारी संस्था दोन्ही हाताशी आहेत. सर्वोच्च न्यायालयाने ८ नोव्हेंबर २०२४ रोजी राजीव रतुरी प्रकरणात सुगम्यतेचे निकष ऐच्छिक ठेवता येणार नाहीत असे सांगितले आहे, तेव्हा ‘सूचना’ किंवा ‘मार्गदर्शक तत्त्वे’ अशा नावाखाली हे पुन्हा भिजत पडू नये.

यावर आपण सल्लामसलतीचा मसुदा काढाल. तो इंग्रजी पीडीएफमध्येच निघाला तर ज्यांच्यासाठी आहे त्यांतले फार थोडे तो वाचू शकतील. सोबत भारतीय सांकेतिक भाषेतला व्हिडिओ आणि मराठी मसुदा द्यावा, हरकती व्हिडिओने पाठवण्याची सोय ठेवावी, आणि खुली चर्चा दिल्लीबरोबर ठाण्यात किंवा वाशीतही घ्यावी. सभागृहात दुभाषी चार तरी लागतील, दर वीस मिनिटांनी बदलणारे. प्रकाश त्यांच्या समोरून, मागे खिडकी नको, आणि पहिल्या दोन रांगा राखीव.

आपले,
ठाणे व नवी मुंबईतील कर्णबधिर मोबाइलधारक, सांकेतिक भाषा दुभाषी आणि दूरसंचार अभियंते